दार कोण उघडतं?

ऑफिसात आम्ही सगळे त्याला 'फूटपट्टी' म्हणत असू. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं कानावर जाणार नाही असं ऑफिस अजून कुणी बांधलेलं नाही, त्यामुळे त्यालाही ते ठाऊक होतं. त्याचं त्याला वाईट वाटत नसे, उलट आतून थोडं बरंच वाटे. माणसानं सरळ असावं आणि परक्याचं मोजताना एक व घरच्याचं मोजताना दुसरं माप काढू नये, एवढं साधं त्याचं म्हणणं होतं. ते त्यानं नोकरीभर सांभाळलं, आणि असलं सांभाळणं लोकांना दुरून फार आवडतं.

शहराच्या आरोग्य खात्यात तो नियोजनाचं काम बघे. नातेवाइकांना हे काम शेवटपर्यंत कळलं नाही. आरोग्य खातं म्हणजे डॉक्टर, असं धरून कुणीही कुठेही त्याच्यापुढे जीभ बाहेर काढे. तो शांतपणे सांगे, "मी औषध देत नाही. औषध देणारा कुठल्या गल्लीत बसला पाहिजे, ते ठरवतो." यावर समोरचा जीभ आत घेई आणि विषय बदले. दवाखाना कुठे काढायचा, लस टोचणाऱ्या बायका कुठल्या वस्तीत किती लागतील, कुठली सेवा खात्यानं चालवायची आणि कुठली बाहेरच्या संस्थेला ठेक्यानं द्यायची, ठेक्याच्या अटी काय असाव्यात, हे सगळं त्याच्या टेबलावरून जाई. अटी लिहिण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पळवाट शोधणाऱ्याच्या आधी त्याला पळवाट दिसे.

घरी येऊन मलमपट्टी करण्याची सेवा हे त्याचं लाडकं काम. जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना दवाखाना गाठता येत नाही, अशांकडे नर्सनं जायचं, जखम धुवायची, पट्टी बदलायची. कल्पना चांगली, पण सुरुवातीला तिचा पार विचका झाला होता. डॉक्टरची चिठ्ठी आणली की नर्स घरी येई, आणि चिठ्ठी मिळवणं ज्याला जमतं त्याला बाकीचंही बरंच जमतं. एक निवृत्त बडे अधिकारी होते. नर्स त्यांच्याकडे जाई तेव्हा ते फिरून आलेले असत, बूट काढता काढता हात पुढे करत. ठेकेदार संस्थेलाही असलेच रोगी पसंत. भेटीमागे पैसे मिळणार, मग पाठीला जखमा झालेल्या म्हातारीला कुशीवर वळवत कोण बसतो? ती म्हातारी मात्र वाट बघत राही, आणि एक दिवस तिचं नाव कमी करायला लागे, कारण ती गेलेली असे.

यावर त्यानं तोड काढली. चिठ्ठ्याचपाट्या बंद. नर्सनं जायचं, बेल वाजवायची आणि एकच बघायचं: दार कोण उघडतं? घरातल्या दुसऱ्या कुणी उघडलं तर आत जाऊन रोगी बघायचा. रोग्यानं स्वतः येऊन उघडलं, तर तो चालता आहे. त्यानं दवाखान्यात यावं. वशिला नाही, सही-शिक्का नाही, खोटं बोलायला जागा नाही. निवृत्त अधिकारी पहिल्याच फेरीत गळले, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे नर्स पोचू लागली. हे खरोखर झालं, हे सांगायला हवं. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की तो मूर्ख होता. तो मूर्ख नव्हता. आरोग्य अधिकारी मॅडमनी भर बैठकीत त्याचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या शहरांतली माणसं त्याचा 'दाराचा प्रश्न' विचारून घेऊ लागली.

त्याची बहीण दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर एकटी राहायची. ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा शाळेत जाताना याची वेणीफणी सोडून बाकी सगळं हिनंच केलं, असं ती म्हणे. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तोही जाऊन वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. उभा जन्म तिनं शाळेचे गणवेश बेतण्यात काढला, आणि उभा म्हणजे अक्षरशः उभा, कापायच्या टेबलाशी. त्याची भरपाई पायांनी केली. शिरा फुगल्या, आणि डाव्या घोट्याच्या वर एक जखम झाली ती भरायचं नाव घेईना. घरपोच मलमपट्टी सुरू झाली तेव्हा रांगेतून, रीतसर, तिलाही नर्स मिळाली. ताईला त्याचं भारी अप्रूप. शेजारणीला सांगायची, "दूध घरी येतं, पेपर घरी येतो, तशी आता पट्टीपण घरी येते. धाकट्यानं केलंय हो हे."

भावाला ती 'धाकट्या' म्हणे. ऑफिसात ज्याच्या अटींना ठेकेदार टरकत तो माणूस तिच्या दारात उभा राहिला की धाकटा होई. बेल वाजवली की दार लगेच उघडे. मागे ती, केस विंचरलेले, साडी नीट, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "वाळलास की रे." तो काही वाळलेला नसे.

मग फेरतपासणी आली. दर काही महिन्यांनी सगळ्यांचीच होई, तशी तिचीही झाली; दाराचा प्रश्न आल्यापासूनची तिची ही पहिलीच. संध्याकाळी तो गेला तेव्हा ताई हसत म्हणाली, "मी बरी झाले म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुझंच ऑफिस. सिस्टर आली, मी दार उघडलं. म्हणाली, आजी, तुम्ही चालता, आता दवाखान्यात यायचं. गोड पोरगी आहे, तिला सांगताना वाईट वाटत होतं. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही मी."

खरं सांगायचं तर त्याला आधी आनंद झाला. ताई चालती आहे, माप खोटं बोलत नाही. मग त्यानं तिला पट्टी सोडायला लावली. जखम तळहाताएवढी झाली होती, कडा पांढऱ्या, आणि वास. दवाखाना चढाच्या रस्त्यावर होता, आत बाकं, बाकांवर गर्दी.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्यानं हे सांगितलं. त्या त्याच्या हाताखाली तयार झालेल्या, बोलायला फटकळ.

"सर, एक फोन करा. संस्थेचा मॅनेजर पळत येईल."

"म्हणून तर करायचा नाही. मी ठेका देणारा माणूस. माझ्या बहिणीसाठी फोन केला, तर उद्या त्याला कुठल्या तोंडानं दंड लावू?"

"मग ताईंचं काय?"

"रीतसर पुन्हा तपासणी मागता येते. कुणालाही येते. ती मागतो."

फूटपट्टी वाकत नाही हे बाईंना माहीत होतं, आणि ती मोडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तपासणी मागितली. तारीख आली, तेव्हा तो आदल्या संध्याकाळी ताईकडे जाऊन बसला.

"उद्या सिस्टर येईल. तू उठायचं नाहीस. पडून राहायचं."

"आणि दार?"

"किल्ली शेजारी देऊन ठेवू. त्या उघडतील."

"ती बिचारी दुकानात जाते कामाला. उद्या काय माझ्या दारासाठी रजा टाकेल?"

"मग कडी काढून ठेव. सिस्टर ढकलून आत येईल."

ताईनं त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे मी अंथरुणात लोळत पडायचं आणि माझ्याकडे आलेल्या माणसानं दार ढकलून यायचं. असं नाटक करू मी?"

"नाटक कुठे आहे त्यात? चालवतं का तुला? खरं सांग."

"दारापर्यंत चालवतं."

"दारापर्यंतच चालवतं, ताई. तिथेच तर घोडं अडलंय."

ती पदर सारखा करत म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तर पडते." त्यानं कडी काढून ठेवायची कशी ते पुन्हा सांगितलं, जणू ताई शाळेत जाणारी पोर होती. निघताना ती पलंगावरून म्हणाली, "बघ, आत्तापासून पडलेय," आणि दोघं हसली. एकत्र हसण्याची ती शेवटची वेळ होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसातून फोन केला. ताईचा आवाज ऐकूनच त्याला कळलं.

"धाकट्या, रागावू नकोस. मी पडले होते रे, खरंच पडले होते. बेल वाजली. मी हाक मारली, दार उघडंय, या. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा वाजली. भर उन्हातून आली होती पोरगी. मला नाही राहवलं. कुणी आपल्या दारात ताटकळत उभं आहे आणि आपण पडून आहोत, असं माझ्यानं झालंच नाही कधी."

"आणि तिनं काय लिहिलं?"

"ते मला काय ठाऊक? पण म्हणाली, आजी, तुम्ही पुन्हा उघडलंत."

तो संध्याकाळी तिच्याकडे गेला, ते भांडायलाच. आयुष्यात तो ताईशी असं बोलला नव्हता. तुझ्या या पाहुणचारापायी पाय जाईल, म्हणाला. मी तुझ्यासाठी नियमात बसेल असा एक रस्ता काढला, तोही तू घालवलास, म्हणाला. ती नुसती "हो रे, चुकलंच माझं" म्हणत राहिली, आणि त्यामुळे त्याचा राग आणखी चढला. शेवटी म्हणाला, "आता तुझं तू बघ. मला सांगू नकोस." आणि चपला घालून चालू लागला. ती दारापर्यंत आली होती. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

राग तसा दुसऱ्याच दिवशी ओसरला होता. उरली होती ती लाज, आणि लाज रागासारखी बोलून मोकळी होत नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत त्यानं दिवस ढकलले. बायको लेकीच्या बाळंतपणाला दुसऱ्या गावी गेली होती. ती फोनवर विचारी, "वन्संकडे जाता ना?" आणि तो म्हणे, "जातो की." ऑफिसात त्यानं नवीन ठेक्याचं काम काढलं होतं आणि त्यात डोकं खुपसून बसे. टॅक्सी करून ताई दवाखान्यात जात असेल, असं त्यानं मनाशी धरून टाकलं. ती दोनदा गेलीही. दुसऱ्यांदा बाकावर बसून बसून पाय इतका सुजला की घरी येताना टॅक्सीवाल्यानं धरून आत आणलं. त्यानंतर ती गेली नाही. जुन्या साड्यांच्या पट्ट्या फाडून स्वतःच बांधत राहिली.

शेजारणीचा फोन आला तेव्हा ताईला ताप भरून ती बरळत होती. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, विष रक्तात गेलंय. पाय काढून उपयोग होईल का, यावर त्यांची चर्चा चालू राहिली आणि ती संपायच्या आधीच ताई गेली. शेवटच्या दिवशी मधेच तिनं डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "वाळलास की रे." या वेळी तो खरोखरच वाळला होता.

पंधरवड्यानं तो कामावर आला आणि पहिल्याच बैठकीत त्यानं दाराचा प्रश्न बदलायची सूचना मांडली. स्वतःच्याच प्रश्नाविरुद्ध तो बोलतोय म्हटल्यावर सगळे सावरून बसले. एक बाई, तो म्हणाला, दार स्वतः उघडायची, म्हणून तिची सेवा बंद झाली आणि ती दगावली.

मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्या काही दगडाच्या नव्हत्या. "वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण एका उदाहरणावरून आख्ख्या शहराची सेवा बदलायची नसते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

शिकवलं होतं. आपलं माणूस बैठकीत आणायचं नाही, हेही त्यानंच शिकवलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तोंड उघडलं, पण त्यानं मान हलवून त्यांना थांबवलं. ती बाई माझी बहीण होती, हे तो तिथेही बोलला नाही. मी त्याला या गोष्टीसाठी आजवर माफ केलेलं नाही, आणि त्याच्याविषयी मला आदर वाटतो तोही याच गोष्टीसाठी. काय करावं कळत नाही अशा माणसाचं.

मग त्यानं एवढंच मागितलं की ज्यांची सेवा दार उघडल्यामुळे बंद झाली, त्यांच्याकडे स्वतः जाऊन बघू द्या. मॅडम हो म्हणाल्या. ज्या सिस्टरनं ताईला तपासलं होतं तीच बरोबर आली. बिचारी वाटभर दोन पावलं मागे चालत होती. तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं तेच केलंत. सांगणारा मी होतो." यावर ती रस्त्यातच रडायला लागली आणि त्याला तिच्यासाठी टपरीवरून पाणी आणावं लागलं.

पहिलंच घर एका म्हाताऱ्या बँडवाल्याचं. आयुष्यभर कर्णा वाजवलेला माणूस, मुलगा-सून कामाला गेलेले. बेल वाजते न वाजते तोच दार उघडलं. म्हातारा चौकट धरून उभा, इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर हसू. या, बसा, म्हणाला. सिस्टरनं सवयीनं त्याच्याकडे बघितलं: रोगी दारात, चालता.

"आजोबा," त्यानं विचारलं, "इतक्या चटकन कसं उघडलंत?"

"त्यात काय? तुम्ही येणार असा निरोप होता ना काल." म्हाताऱ्यानं दारामागच्या खुर्चीकडे बोट केलं. "सकाळी मुलानं जाताना इथे आणून बसवलं. आतून इथवर यायचं म्हणजे मला दुपार होईल. पाहुण्याला तिष्ठत ठेवणं बरं दिसत नाही. आता मुलगा येऊन उचलेल संध्याकाळी."

"तोवर?"

"तोवर बसायचं. दार असतं सोबतीला."

त्या दिवशी तो आणखी बऱ्याच घरी गेला. कुठे खुर्ची होती, कुठे दारापाशी अंथरलेली सतरंजी, एका ठिकाणी बाई भिंतीला धरून फरपटत आली आणि दार उघडल्यावर तिथेच खाली बसली. सगळ्यांनी त्यांना आत या म्हटलं. नुसतं दार उघडणं बघण्याच्या नादात, उघडायच्या आधी आणि नंतर काय होतं ते विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि पहिल्यांदा त्याला सुचायला हवं होतं. प्रश्न पुढे बदलला. मॅडमनी स्वतः सही केली. नर्सनं आता आत जाऊन, बसून, जखम बघून ठरवायचं असं झालं. त्याचं त्याला कौतुक ऐकवलं गेलं तेव्हा तो बैठकीतून उठून गेला.

पण हे नंतरचं. त्या दिवशी घरं बघून झाल्यावर तो सिस्टरला सोडून सरळ ताईच्या शेजारणीकडे गेला. ती नुकतीच दुकानातून आली होती. त्यानं दारात उभ्या उभ्याच विचारलं, "ताई दार उघडायला कशी यायची?"

"आत तरी या, भाऊ."

"सांगा ना."

"खुर्ची होती की त्यांची. सिस्टर यायची असली की मी कामाला निघायच्या आधीच त्या दारापाशी येऊन बसलेल्या असायच्या. तुम्ही यायच्या वेळीसुद्धा. तुम्हाला उभं राहायला लागू नये म्हणून."

शेजारीण थोडी घुटमळली. सांगावं की नको, असं तिच्या चेहऱ्यावर होतं, पण पोटात ठेवून तिलाही जड झालं असावं.

"तुमचं भांडण झालं ना, भाऊ, त्यानंतर तर रोजच बसायच्या. मी दूध द्यायला जायचे संध्याकाळी. बेलला बोट लावते न लावते तोच दार उघडायचं. आणि मी दिसले की त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. मी म्हटलं, भाऊंना फोन करू का? तर म्हणाल्या, नको गं, रागावलाय तो, राग गेला की आपणहून येईल. पाय इतका ठणकत असायचा, मी म्हणायचे, आता आत चला, पडा. तर म्हणायच्या, थोडा वेळ बसते, ही त्याची यायची वेळ आहे."

ती ज्या संध्याकाळींबद्दल बोलत होती, त्या सगळ्या संध्याकाळी तो दोन गल्ल्या अलीकडे, आपल्या घरी बसून होता.